मुनिराच्या हातचे टाके

आमच्या बोर्लीत आजही कुणी रहिमुन्निसाचं नाव काढलं की बायका आधी हसतात आणि मग म्हणतात, "ती घड्याळवाली ना?" मला असा संताप येतो की एकेकीला धरून समोर बसवावं आणि पहिल्यापासून सगळं ऐकवावं. ऐकवूनही पाहिलं. "तू तिची शेजारीण, तू तिचीच बाजू घेणार," म्हणून मला उडवून लावतात. म्हणून आता लिहायला बसले आहे. लिहिलेल्याला मधेच तोडता येत नाही.

मी सफुरा. लग्न होऊन रेवदंड्याहून बोर्ली पंचतनात आले तेव्हापासून रहिमूखालाच्या आणि माझ्या घरामध्ये एक कुडाची भिंत होती. खाला म्हणजे मावशी; सगळा मोहल्ला तिला तेच म्हणायचा. त्या भिंतीतून आम्हाला एकमेकींच्या फोडणीचा वास यायचा, खोकला ऐकू यायचा, आणि माझं नवऱ्याशी भांडण झालं की पलीकडून "बस झालं गो, त्याला जेवायला वाढ" असा हुकूमही यायचा.

तिचा नवरा बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. एडनच्या पुढे कुठेतरी तापाने गेला, तेव्हा तिचं वय काही फार नव्हतं. मूल नव्हतं. पाठची बहीण बाळंतपणात दगावली आणि तिची पोर, मुनिरा, खालाच्या पदरात आली. खालाने तिला वरचं दूध पाजून वाढवलं. नात्याने मावशी, पण मुनिरा तिला आईच म्हणायची. गोधड्या शिवून आणि पाठराखीण म्हणून जाऊन दोघींचं भागत होतं.

पाठराखीण सगळीकडे असते. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत माहेरची एक बाई जाते आणि पोर रुळली की परत येते. आमच्या पाठराखणीला मात्र समुद्र ओलांडावा लागायचा. त्या काळात, म्हणजे एकोणीसशे वीस सालानंतर, आमच्या मोहल्ल्यातली निम्मी तरणी पोरं आफ्रिकेत जंगबारला नाहीतर मोंबासाला होती. कुणी दुकानात, कुणी शिलाईच्या मशीनवर, कुणी गोदीत. लग्नाला यायला मालक सुट्टी देत नसत. मग निकाह इथे नवऱ्याच्या वतीने बोलणाऱ्या वकिलाच्या तोंडून व्हायचा आणि नवरीला बोटीने पाठवायची. आया घर सोडून जाऊ शकत नव्हत्या. त्या रहिमूखालाकडे यायच्या.

ती बोटीवर पोरीचं ओकताना डोकं धरायची. डेकवर कुणी फार वेळ बघत उभा राहिला तर अशी डोळे वटारायची की तो आपला पलीकडे जाऊन मासे बघायचा. पोर सासरी रुळेपर्यंत राहायची आणि परत आल्यावर आईला खरं ते सांगायची. "जावई भला हाय, पण तापट हाय." "घर दोन खोल्यांचं हाय, पत्रात चार लिवल्या व्हत्या." गोड करून सांगणं तिला ठाऊकच नव्हतं. म्हणून तर आया तिच्यावर विसंबायच्या. खाला म्हणाली म्हणजे झालं, असं मोहल्ल्यात बोललं जायचं.

येताना प्रत्येक पोरीची आईसाठी भेट तिच्याकडे असायची. रेशमाचं कापड, चहाचे कप, अत्तर, लवंगांची थैली. आणि मुंबईच्या बंदरावर उतरलं की समोर कस्टमवाले. त्यांचा नियम सरळ होता. आपल्या अंगावरचं, वापरातलं सामान माफ. कोरी वस्तू, कुणाला द्यायची भेट, तिच्यावर जकात.

आता या नियमावर बायकांनी काय काय शोधून काढलं होतं, ते ऐकून मी पोट धरून हसायचे. मुंबई जवळ आली की डेकवर सगळ्या नव्याचं जुनं करायला बसायच्या. कोऱ्या चपला फळ्यांवर घासायच्या, नव्या कपात चहा ओतून डाग पाडायच्या, रेशमी कापडाला हळदीचं बोट लावायच्या. एक बाई तर एकावर एक सगळे नवे झगे घालून उतरली आणि शेडमध्ये उकाड्याने चक्कर येऊन पडली. खाला यातलं काही करत नसे. तिचं म्हणणं, लेकीने आईला पाठवलेली भेट दुसऱ्या बाईने अंगाला लावली की ती उतरलेली झाली, आणि मी तर रांडमुंड बाई, माझ्या अंगावरचं नव्या नवरीच्या आईला देऊ? ती सरळ टेबलावर सगळं मांडायची आणि म्हणायची, "ही भेट, ही भेट, ही पण भेट. लावा जकात."

त्या जकातीचीही एक रीत पडून गेली होती. पोरी भेटीबरोबर रुमालाच्या टोकाला पैसे बांधून द्यायच्या. ती जकातीची गाठ. आयांना त्याचा कोण अभिमान! "माझ्या हाजराने गाठीसकट पाठवलंय," असं हलिमाफुफी विहिरीवर जाऊन सांगायची. कस्टमच्या शेडमधला एक वयस्कर गोवेकर साहेब खालाला ओळखू लागला होता. लांबून दिसली की म्हणायचा, "आली माझी जकातवाली! बोल बाई, आज किती पोरींचं?" ते नाव खालाने घरी येऊन स्वतःच सांगितलं, आणि मग आम्हीही तिला तसंच चिडवू लागलो. तिला ते आवडायचं. तोंडाने "चल गप" म्हणायची.

मुनिराचा निकाह तेहतीस साली झाला. नवरा सिराजुद्दीन, बोर्लीचाच, जंगबारला एका घड्याळाच्या दुकानात कामाला. पोरगा दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला. खालाने स्वतःच्याच पोरीची पाठराखीण होऊन बोट पकडली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, की आता परत येताना घर रिकामं.

तीन-चार महिने ती तिथे राहिली. निघायच्या आदल्या दिवशी मुनिराने तिच्यापुढे एक गोधडी आणून ठेवली. गुंडाळलेली, वरून किंतानाची खोळ घालून चारी बाजूंनी शिवलेली.

"आई, ही तुला. माझे लग्नाआधीचे सगळे कपडे हायेत ह्यात. हितं मी ते घालत न्हाय."

खालाने उचलून पाहिली. "जड केलीस गो."

"तुझे गुडघे दुखतात थंडीचे. मुद्दाम जाड केली."

"आणि जकातीची गाठ?" खालाने थट्टेत विचारलं.

दारातून सिराजुद्दीन हसला. "खाला, तुम्हीच तर सांगता ना, वापरातलं माफ. जुन्या कपड्यावर कसली जकात?"

आता आमची एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. परमुलखात दिलेल्या लेकीची पहिली भेट ती स्वतःच्या हाताने शिवून देते, आणि ती वाटेत उसवायची नसते. घरी आणायची, मोहल्ल्यातल्या बायका बोलवायच्या, आईच्या मांडीवर ठेवून सगळ्यांसमोर उसवायची. समुद्रावर उसवली तर पोरीचा संसार उसवतो असं मानतात. खाला दुसऱ्यांच्या लेकींच्या अशा कितीतरी भेटी न उघडता घेऊन आली होती. आत काय आहे ते पोरी तोंडाने सांगायच्या, ती टेबलावर तेच सांगायची, आणि साहेब वरून चाचपून तेवढ्यावर जकात लावायचा. आजवर एकाही पोरीने तिला खोटं सांगितलं नव्हतं. या वेळी तर तिची स्वतःचीच पोर होती.

बोटीवर सगळा वेळ तिने ती गोधडी उशाला ठेवली, पण तिच्यावर डोकं टेकलं नाही. शेजारच्या बायकांना दाखवायची, "माझ्या लेकीने शिवलीय." हे मला तिच्याबरोबर त्याच बोटीने आलेल्या एका श्रीवर्धनच्या बाईनेही सांगितलं. म्हणाली, बाई लहान पोरीसारखी मिरवत होती.

मुंबईला शेडमध्ये तिने नेहमीसारखं सामान मांडलं. तीन पोरींच्या भेटी, तीन गाठी. गोवेकर साहेबाने थट्टा केली, जकात घेतली, पावत्या दिल्या. मग गोधडीकडे बोट केलं. "आणि हे?"

"हे माझं, साहेब. माझ्या पोरीचे जुने कपडे हायेत. गोधडी हाय."

त्या दिवशी शेडमध्ये एक दुसरा तरुण साहेब होता. त्या बोटीतले सगळेच बिछाने तो उघडायला लावत होता. तो पुढे झाला आणि खोळ कापायला सांगू लागला. खाला आडवी आली.

"कापू नका, साहेब. पोरीची पहिली भेट हाय, घरी जाऊन उसवायची असते. अल्लाची कसम घेऊन सांगते, ह्यात जुन्या कपड्याबिगर काय न्हाय."

गोवेकर साहेब त्या तरुणाला म्हणाला, "जाऊ दे तिला. ही बाई न विचारता जकात भरते. मी तिला किती वर्षं ओळखतो."

तरुण साहेबाने वाद घातला नाही. त्याच्या हातात लांब दाभण होतं, ते त्याने खोळीतून आत घातलं. अडलं. दुसरीकडे घातलं, तिथेही अडलं. कशावर तरी टक्कन आवाज आला. मग चाकू आला.

आत घड्याळं होती. बायकांच्या मनगटाची, बिनपट्ट्याची, इवलीइवली. कपड्यांच्या दोन थरांमध्ये प्रत्येकाला कापूस गुंडाळून वेगळा खिसा केलेला आणि खिसा चारी बाजूंनी शिवलेला.

"सफुरा," खाला मला पुढे म्हणाली, "मला आधी घड्याळं दिसलीच न्हाईत गो. टाके दिसले."

मुनिरा लहान असताना तिची बोटं नाजूक होती, दोरा घट्ट ओढता येत नसे, शिवण सुटायची. म्हणून खालाने तिला थोड्या थोड्या टाक्यांनंतर एक बारीक गाठ मारायला शिकवलं होतं. मोठी झाली तरी पोरीची ती सवय गेली नाही. तिने शिवलेलं काहीही उलटं करून पाहिलं की त्या गाठी बोटाला लागायच्या. खालाने त्या खिशांवरून बोट फिरवलं. प्रत्येक खिशाला त्या गाठी होत्या. सिराजुद्दीनने चोरून भरलं असावं, पोरीला पत्ताच नसावा, असं म्हणायला तिला जागाच उरली नाही. तिच्या पोरीने एकेक घड्याळ बसून शिवलं होतं. आणि खाला तेव्हा बाहेर अंगणात पोरीसाठी पापड वाळत घालत होती.

"कोणाची ही?" तरुण साहेबाने विचारलं.

खालाचं बोट त्या गाठींवरच होतं.

गोवेकर साहेब जवळ आला आणि हळू बोलला. "बाई, तुमची नाहीत, मला ठाऊक आहे. जावयाने दिली ना? नाव सांगा. तुम्ही सुटाल."

नाव सांगितलं असतं तर जंगबारला पोलीस दुकानात गेले असते. सिराजुद्दीनची नोकरी गेली असती, कदाचित तो तुरुंगातही गेला असता, आणि मुनिरा त्या परमुलखात एकटी. खालाच्या डोक्यात तेवढंच आलं. "मीच तिला तिथं सोडून आले व्हते," ती मला म्हणाली.

तिने साहेबाला सांगितलं, "माझी हायेत. मीच भरली."

आत्ताच घेतलेली कसम तिने आपल्याच तोंडाने खोटी केली. गोवेकर साहेबाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलंच नाही. कागद लिहिला, अंगठा घेतला, तोपर्यंत मान वर केली नाही. घड्याळं जप्त झाली. दंड भरायला तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या मुंबईतच मोडल्या. गोधडीच्या चिंध्या कुणीतरी बाजूला लोटून दिल्या. तिने त्या उचलल्या नाहीत.

शेडच्या बाहेर सिराजुद्दीनचा धाकटा भाऊ नुरुद्दीन उभा होता. तो मुंबईतच डोंगरीत राहायचा. याआधी कधी कुणाला उतरवून घ्यायला आलेला नव्हता. त्याने सलाम केला नाही, प्रवास कसा झाला विचारलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "गोधडी कुठाय?"

"कापली," खाला म्हणाली.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "माझं नाव न्हाय ना घेतलंस?"

"कुणाचंच न्हाय घेतलं."

तो वळला आणि गर्दीत निघून गेला. या माणसाने तिचं बोचकंसुद्धा उचललं नाही. तीन पोरींच्या भेटी डोक्यावर घेऊन ती एकटी मुसाफिरखान्यात गेली, किनाऱ्याच्या बोटीने दिघीला उतरली, आणि प्रत्येक भेट जिच्या तिच्या आईच्या हातात नीट दिली. मला म्हणाली, बांगड्या प्रवासात हरवल्या. मी मूर्खासारखा विश्वास ठेवला.

नुरुद्दीन ईदला गावी आला आणि त्याने काम चोख केलं. स्वतःवर कुणी बोट दाखवायच्या आधी त्याने मशिदीसमोर बसून सांगितलं, की रहिमुन्निसाखालाला घड्याळं चोरून आणताना पकडलं, तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, सरकारी कागदावर तिचा अंगठा आहे. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तेच तर वाईट. कुणी शेडमध्ये जाऊन विचारलं असतं तरी तेच कळलं असतं.

मग लोक मागचंही आठवू लागले. हलिमाफुफीने हाजराचं रेशमाचं कापड पेटीतून काढून उजेडात धरून पाहिलं, मधलं काही कापून घेतलंय का म्हणून. कुणी म्हणालं, जकातीच्या गाठीतले पैसे तरी सगळे भरत होती कशावरून? विहिरीवर ती आली की बोलणं थांबायचं. पुढच्या हंगामात दोन नवऱ्या जंगबारला गेल्या. पाठराखीण म्हणून श्रीवर्धनहून बाई आणली. खालाच्या दारावरून छकडा गेला, आणि ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत राहिली.

मी भांडले. "खरं काय ते बोलत का न्हाईस?" म्हणून तिच्यावरच ओरडले. ती म्हणाली, "मुनिरा येईल. ती बोलेल." मला वाटलं पोर आपल्या आईच्या चांगुलपणाची साक्ष देईल, एवढाच अर्थ असेल.

पस्तीस सालच्या हिवाळ्यात मुनिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोट पुढे, हातात सोन्याच्या पाटल्या, चेहऱ्यावर तेज. खालाने दृष्ट काढून तिला घरात घेतलं. एक शब्द विचारला नाही. जड पावलांच्या पोरीला काय विचारायचं, म्हणाली. सोनूबाई सुईण होती, मुलगा झाला, सगळं सुखरूप पार पडलं. खालाने शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं केलं. रोज सकाळी पोरीच्या पाठीला तेल चोळायची.

अशाच एका सकाळी तेल चोळता चोळता ती म्हणाली, "मुनिरा, टाके तुझे व्हते."

भिंतीच्या अलीकडे मी मसाला वाटत होते. माझा हात थांबला. मला तेव्हाच सगळं कळलं, आणि जे कळलं नाही ते खालाने मागाहून सांगितलं.

मुनिरा रडायला लागली. "ते म्हणाले, खालाला कुणी हात लावत न्हाय. साहेबसुद्धा तिला मानतो. दुसऱ्या कुणाकडे दिलं तर पकडतील, तिच्याकडे न्हाय पकडणार. आई, तुझ्याशिवाय दुसरं व्हतं कोण?"

"मला सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं असतं तर तू टेबलावर मांडली असतीस."

हे मात्र खरं होतं. खाला म्हणे त्यावर हसलीसुद्धा. तिचा खरेपणाच त्या दोघांनी खोळीसारखा वापरला होता, आणि तरी तिला हसू आलं, कारण पोर तिला पुरतं ओळखत होती.

मग ती म्हणाली, "पोरी, मला पैसा नको, बांगड्या नकोत. एवढंच कर. चाळिसाव्या दिवसाच्या न्हाणाला सगळ्या येतील. त्यांच्यासमोर सांग, आईला ठाऊक नव्हतं म्हणून. सिराजुद्दीनचं नाव घेऊ नको. चूक झाली म्हण, कुणाची ते सांगू नको. एवढं एक वाक्य."

"सांगते," मुनिरा म्हणाली. "बाळाची शपथ, सांगते."

त्या दिवसापासून खाला बदलली. मी तिला गुणगुणताना ऐकलं. तिने घर सारवलं, माझ्याकडून जास्तीची पातेली नेली, जिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं त्या हलिमाफुफीच्या घरी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. "सगळ्यांनी या," म्हणत दारोदार फिरली. बायका आल्याही. जंगबारच्या श्रीमंत लेकीकडून अत्तर मिळेल या आशेने का होईना, ओटीवर दाटीने बसल्या.

न्हाणं झालं, बाळाला नवा झगा घातला, गोडाचं ताट फिरलं. मुनिराने प्रत्येकीच्या हाताला अत्तर लावलं. खाला कोपऱ्यात बसून तिच्या तोंडाकडे बघत होती. वेळ जात होता. मुनिरा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात होती आणि आईच्या बाजूला तेवढी येत नव्हती.

शेवटी हलिमाफुफीनेच तोंड फोडलं. तिला राहवेना. "मुनिरा, आता तूच सांग बाई. ती घड्याळं तुझ्या आईने कुठून आणली व्हती? आमच्या पोरींचं सामानही तिच्याकडेच व्हतं, आमची नावं बुडाली असती."

मी मनात म्हटलं, बोल ग. यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळत नाही.

मुनिराने बाळाला छातीशी धरलं. खाली बघत म्हणाली, "मला काय ठाऊक, फुफी? मी तर गोधडी शिवून दिली व्हती. माझे जुने कपडे व्हते त्यात. पुढचं मला ठाऊक न्हाय."

तिने सिराजुद्दीनला वाचवलं म्हणावं, तर त्याचं नाव कुणी मागितलंच नव्हतं. तिने स्वतःला वाचवलं. आता सगळ्यांच्या नजरा कोपऱ्याकडे वळल्या. मी उठायला लागले, माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. खालाने माझा हात धरून खाली बसवलं. तिच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"व्हय," खाला म्हणाली. "पोरीने गोधडीच दिली व्हती. बाकी माझं."

ती मुनिराकडे बघत होती. मीही बघितलं. मला वाटलं पोर आता तरी कोसळेल, लाजेने का होईना मान वर करून काहीतरी बोलेल. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. तिने मोठा श्वास सोडला आणि खांदे सैल केले. जड घागर कुणी डोक्यावरून उतरवून घेतल्यावर बायकांचा चेहरा होतो, तसा झाला होता. मी पाहिलं ते खालानेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला सगळं सांगितलं, शेडपासून. रडली नाही. मीच रडले आणि मीच शिव्या दिल्या. तिने हात जोडून सांगितलं, पोर बोटीत बसेपर्यंत कुणाला बोलू नको. मी शब्द पाळला. ती गेल्यावर मी घराघरांत जाऊन सांगितलं, पण तोपर्यंत खालाच्याच तोंडची कबुली सगळ्यांनी दोनदा ऐकली होती. माझं कोण ऐकतो?

मुनिराच्या जाण्याच्या दिवशी नुरुद्दीन छकडा घेऊन आला. सामान चढलं. शेजारच्या चार बायका निरोपाला दारात होत्या, म्हणून मुनिरा आत आली. चुलीपाशी माझ्या शेजारी बसून खाला तिच्यासाठी वाटेतल्या भाकऱ्या फडक्यात बांधत होती. मुनिरा तिच्या पायाशी बसली.

"आई, मला माफ कर."

"घड्याळांचं मी त्या शेडमधेच माफ केलं," खाला म्हणाली. "तू पोर व्हतीस, नवऱ्याने सांगितलं, तू शिवलंस. चाळिसाव्याला तुला कुणीच काय सांगितलं नव्हतं. ते मला माफ करता येत न्हाय. मी लय बघितलं करून, न्हाय येत."

"आई—"

"खाला म्हण. मी तुझ्या आईची बहीण."

मुनिराने भाकऱ्यांचं फडकं घेतलं. बाहेरून नुरुद्दीन हाका मारत होता, भरती गेली तर मोठ्या बोटीपर्यंत नेणारा पडाव धक्क्याला लागणार नाही म्हणून. ती उठली, बाळाला घेतलं आणि दारातल्या बायकांना हसून सलाम करत छकड्यात बसली. खाला बाहेर आली नाही. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली आणि मला म्हणाली, "सफुरा, दार लावून घे गो. धूर होतोय."